मामा झाले व्हॉल्व्ह

प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर तपासायची चैन तुम्हाला मिळाली. आम्ही सत्त्याऐंशी साली तो माणसांवर तपासलाय!

उद्यमनगरात आमची लहानशी फौंड्री. मालकांनी साच्याची वाळू कालवायच्या मिक्सरला, तो आपोआप चालावा म्हणून, कंट्रोलर आणला, पण त्यात प्रोग्रॅम भरायचं यंत्र काही परवडंना. ते पुण्याहून भाड्यानं येणार, तेही एकाच दिवसासाठी. शिकवणारं कोण न्हाय, जवळ एक पुस्तक. मी म्हटलं, यंत्र यायच्या आधी कागदावरच प्रोग्रॅम अचूक करतो.

कागद घेऊन मिक्सरपुढं उभा राहिलो. एका कामगाराला बटण केलं, दुसऱ्याला, गणपाला, मोटार. मिक्सर चालवणारे दत्तूमामा झाले पाण्याचा व्हॉल्व्ह. त्यांच्या हातात नळी दिली आणि बजावलं, "मामा, मशीनला अक्कल नसती. कागदावर हाय तेवढंच करायचं."

"बटण!" मी ओरडलो. गणपा स्वतःभोवती गोल फिरायला लागला. कागदावर होतं तसं वीस आकडे मोजून मामांनी पाणी सोडलं. मी पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली, पाणी चालूच. वाळूचा चिखल झाला, माझे बूट भिजले.

"अवो मामा, पाणी बंद करा की!"

मामा जागचे हलंनात. "कागदावर कुठं लिवलंय?"

बघतोय तर खरंच लिहिलं नव्हतं. तिथंच चिखलात उभा राहून ती ओळ घातली आणि मोठ्यानं वाचली.

मामांनी नळी बंद केली. "हां. आता बोलीव तुझं पुण्याचं यंत्र."