‘नको’ न ऐकणारा कॅल्क्युलेटर

तिरुवैयारूची बस तंजावूरच्या स्टँडवरून अजून सुटायची होती. पुढच्या सीटवर सत्तरीतले एक मामा मांडीवर लॅपटॉप घेऊन भाचीशी मराठीत बोलत होते.

“हरिता, हा माझा कॅल्क्युलेटर. प्रोग्रामिंगच्या क्लासात शिकून स्वतः लिहिलाय. हसू नकोस.”

“अय्यो मामा, बेरीज बरोबर आली की!”

“येते कधी कधी.”

“आता ‘आणखी एक?’ विचारतोय. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत!”

“माझी शाळा सगळी तमिळ, मराठी अक्षरं मला कुठे वाचता येतात? ‘नको’ लिहून बघ.”

“लिहिलं. परत तेच विचारतोय.”

“विचारणारच. पाहुणा एकदा ‘नको’ म्हणाला, की आपण लगेच वाढणं थांबवतो का? म्हणून मुद्दाम तसं लिहिलं.”

“पण मामा, चारदा ‘नको’ लिहिलं. अजून विचारतोच आहे.”

“कधी थांबायचं, ते लिहायला जमलं नाही. तुझ्या मामीला बरोबर कळायचं. मी पडलो ढ.”

“मग बंद कसा करता?”

“लॅपटॉप मिटतो आणि झोपतो. उद्या मॅडमना दाखवायचाय. सगळी पोरं हसणार मला.”

“द्या इकडे, एका ओळीत थांबवते.”

“मॅडमसाठी वेगळा करून दे. हा असाच राहू दे.”

“बिघडलेला? कशाला?”

“एकटा जेवताना समोर उघडा ठेवतो. तो ‘आणखी एक?’ विचारतो, मी ‘नको’ म्हणतो. बरं चाललंय आमचं.”