करलीचा काटा आणि विरघळणारं ठिगळ

माहेर माजं रेवसचं, सासर काशीदचं, दोन्हीकडं मासळीच, बाप होडीवर, नवरा होडीवर, मी पाटीवर, चाळीस वर्सं बाजारात एकाच जागेवर बसले, काय सांगू तुम्हाला ताई, कंबर मोडली तरी जागा सोडली न्हाय.

आणि मलाच काटा लागला बघा. करलीचा. करली म्हंजे नुसती काट्यांची, पण आमच्यातली पोरंसोरं पण बोलत बोलत खातात, मग मी कुठल्या तोंडानं सांगू, कोळणीच्या घशात काटा म्हटलं तर सगळा बाजार हसंल की न्हाय! सुक्या भाताचा गोळा गिळला, वर अख्खं केळं, आमच्यात तेच करतात, काटा खाली गेला, मी गप. चार दिवस पोट दुखलं तरी गप. पाचव्या दिवशी पोट पाटासारखं कडक, अंगात ताप, तेव्हा मालकांनी गाडी केली नि थेट मुंबईला नेलं.

काट्यानं आतडं फाडलं होतं. डॉक्टरीण माज्या सुनेच्या वयाची, मालकांना म्हणाली, बाबा, भोकाच्या कडा सडल्यात, नुसता टाका धरणार न्हाय, वरून एक ठिगळ लावते, ते हळूहळू विरघळतं, पण त्याच्या आधारानं आतड्याचं मांस भरून येतं. मालक म्हणाले, अहो, ठिगळ विरघळलं की भोक परत उघडं न्हाय का पडायचं? ती म्हणाली, तोवर भरलेलं असंल, पण मधीच गळलं तर पोटावर शौचाची पिशवी लावावी लागंल. ते ऐकलं नि माजा जीवच गेला. पिशवी लावून बाजारात कशी बसू मी, कोण घेईल माज्याकडची मासळी?

ऑपरेशन झालं, मग नुसत्या नळ्या, घोटभर पाणी न्हाय, आणि ती डॉक्टरीण रोज सकाळी येऊन विचारायची, मावशी, वारा सरला का? शी! चार माणसांत असलं कुणी विचारलं नव्हतं मला. सरला एकदाचा, आतडं चालू झालं म्हणाली, तर मालक वॉर्डात हात जोडून उभे, जसा काय नातूच झाला.

पिशवी टळली. ठिगळ विरघळलं म्हणतात, आतडं माजं माज्याच मांसानं भरलं. पण सगळी ताकद त्यातच गेली ताई, दहा वाजले की डोळ्यांपुढं अंधारी येते. आता बाजारात माज्या जागेवर सून बसते, मी बाजूला टेकून. काल एक नवं गिऱ्हाईक तिला विचारीत होतं, ही म्हातारी कोण? ती मासळी कापता कापता म्हणाली, जागा आईंची हाय, मी नुसती बसते.

उदंड आयुष्य मिळो पोरीला. खरं न्हाय ते, जागा आता तिचीच, पण बोलली.