चौकटीवरची चारशे सतरा

हॅलो?… हो आई, मीच. … नाही, निघाले नाही अजून. … अगं ऐक ना, विहिरीवरच आहे. चारशे सतरा नंबरच्या. … आज बाबांना जाऊन चाळिसावा दिवस आहे हे मला माहीत नाही का? … कुराण वाचायला अबिस्ताय आल्यासुद्धा? मग त्यांना चहा दे, मी पोचतेच.

अल्मेत्येव्स्क शहराबाहेरच्या, तेलविहिरींच्या माळावरचा वारा सरळ तोंडावर येत होता. रेझेदाने फोन टोपीच्या आत कानाशी खोचला आणि दाबाच्या काट्याकडे पाहिलं. काटा हलायचं नाव घेत नव्हता.

… घों-घों जनरेटरची आहे. आमच्या यंत्राचा आवाज कानाला येतच नाही. … अल्ट्रासाऊंड, आई. … नाही गं, पोटाचं नाही! … कुणालाही दिवस गेलेले नाहीत! … अबिस्तायना सांगितलंस? मग आता त्यांना सांग, दुवा परत घ्या. … तेलाच्या नळीत यंत्र सोडलंय, त्याने आतला क्षाराचा थर तडकतो. आपल्या किटलीत बसतो ना पांढरा, तसाच. … व्हिनेगर? आई, ही दीड हजार मीटरची किटली आहे!

… बरं, एक काम कर. स्वयंपाकघराच्या दाराशी जा. … जाऊ दे सूप उतू! … चौकटीवर उजवीकडे माझी उंची आहे ना, आणि डावीकडे चारशे सतरा? या विहिरीची नळी किती मीटरवर चोंदते ते बाबा दरवर्षी कामावरून येऊन लिहायचे. … कारण ऑफिसच्या कागदावर बाराशे चाळीस लिहिलंय, तिथे तासभर यंत्र धरलं, कणसुद्धा पडला नाही. आणि आमचे दामीरसाहेब सिमेंटचा ट्रक घेऊनच आलेत. दोन वाजता विहीर बुजवणार. … हो, कायमची.

… रंग? कधी? … फानिसकाकांना कुणी सांगितलं रंगवायला? … चाळिसाव्याला घर बरं दिसावं म्हणून. वा.

तिने डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

… मी ओरडत नाहीये, इथे वारा आहे. … रडू नकोस. बटाट्याची सुरी घे आणि खरवड. … फोन स्पीकरवर आहे का? … मग हे सगळे कोण बोलतायत? … अस्सलाम आलैकुम, काका. … हो, पंप आधीच काढलाय. … हो, दाब बघतेय. … काका, तुम्ही तीस वर्षं ट्रक चालवलात, विहीर कधी आतून पाहिलीत? … आईकडे द्या फोन.

… दिसलं? वाच. … एकशे बावीस? ती मी आहे, आई. तिसरीतली. दुसरी बाजू! … अकराशे चाळीस. साल काय पुढे? … अगं ते जुनं झालं, चोंदलेली जागा दरवर्षी खाली सरकते. यंदाचा हवा. … असेल गं. घरी असले तरी बाबा हिशेब मांडून लिहिल्याशिवाय राहायचे नाहीत.

दामीरसाहेबांनी लांबून मनगट वर करून घड्याळ दाखवलं. रेझेदाने एक बोट वर केलं: एक मिनिट.

… आई, यंदा बाबा उभे कुठे राहत होते? खुर्चीतच असायचे ना? … मग खाली बघ. बसल्या माणसाचा हात पोचतो तिथे. … तिथे रंगच नाही? … काकांना वाकता येत नाही म्हणून सोडलं? … अगं, शिव्या नको देऊस! आज त्यांना खिम्याचे दोन पेरेमेच जास्त वाढ. … वाच. … एक, एक, आठ, सहा. सहाच ना? … हो, हात थरथरायचा त्यांचा. … फोन ठेवू नकोस.

"अकराशे शहाऐंशी!" ती केबलवाल्याला ओरडली. केबल वर सरकली, थांबली.

… आता वीस मिनिटं लागतील. अबिस्तायना म्हणावं, सुरू करा. मी इथूनच ऐकते.

वीस मिनिटं तिने काट्यावरची नजर हलवली नाही. कानात कुराणाच्या आयती चालू होत्या. नळीत, न ऐकू येणारा आवाज.

… आमीन. … हो, हात उचललेत मी. … एकच. दुसरा झडपेवर आहे. … थांब, आई. … थांब, थांब! काटा पडतोय! … पडला तर चांगलं असतं गं! … पाण्याबरोबर पांढरा चुरा येतोय, अंड्याच्या कवचासारखा. ढीगभर! … दामीरसाहेब? तळहातावर खपली घेऊन उभे आहेत. … ट्रकवाल्याला हात केलाय त्यांनी. … हो. मागे वळतोय.

… पेन्सिल आहे जवळ? यंदाच्या आकड्यापुढे लिही, 'मोकळी'. … आणि तेवढा भाग रंगवू नका. … काकांना कमरेचं निमित्त मिळालं, खूश होतील. … काय? … उजवीकडेही रेघ आहे? माझ्या बाजूला?

वारा पडला नव्हता, पण तिने फोन टोपीतून काढून हातात घेतला.

… त्यांचंच अक्षर? … नुसतं माझं नाव आणि यंदाचं साल. आकडा नाही. … हो. उन्हाळ्यात येते म्हटलं होतं मी, आणि आले नाही.

… नाही, काही नाही झालं. ऐकतेय. … अर्ध्या तासात पोचते, आई. सूप परत तापव. आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढून ठेव.