राहिलेला राक्षस

बाबा: ...तेच म्हणतोय, गाडी वळव. पुढच्या महिन्यात जाऊ.

लेक: तिसऱ्यांदा पुढचा महिना म्हणताय, बाबा. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. हृदयातली झडप काय तुमच्या सवडीची वाट बघत बसणार आहे?

बाबा: चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले मी. उघडलेला काटा पुन्हा शून्यावर येईलच, असं कोणी सांगू शकत नाही, ठमे.

लेक: तुमच्या हातचा एक तरी काटा आला नाही, असं झालंय?

बाबा: माझ्या हातचा नाही. इथे हात दुसऱ्याचा आहे.

लेक: बरं, तो समोरचा कप्पा उघडा.

बाबा: काय आहे? अगं, हे तुझं व्हिडिओ गेमचं डबडं अजून जिवंत आहे?

लेक: नवी बॅटरी घातली. वीस वर्षांपूर्वी सोडला तिथेच आहे खेळ. चार तासांचा रस्ता आहे, खेळा.

बाबा: मला काय येतंय त्यातलं!

लेक: चालू तर करा. वीर दिसले?

बाबा: आहेत चौघं. तलवारवाला, जादूगारीण, वैद्यबुवा आणि तो जाडा.

लेक: पिशवी उघडा. जडीबुटी किती?

बाबा: नव्व्याण्णव.

लेक: त्याहून जास्त मावतच नाही. आणि मी जन्मात एक पुडी घेतली नव्हती, मला नुसत्या तलवारी लागायच्या. तरी गाडीत झोपून उठले की पिशवी भरलेली, वीर आणखी तगडे! मला वाटायचं, आपण झोपलो की ते आपापला सराव करतात. शाळेत छातीठोकपणे सांगितलं होतं. वर्गभर हसं झालं माझं.

बाबा: लहान मुलांना काहीही वाटतं.

लेक: पिशवीचं बटण कुठलं, ते तुम्ही विचारलं नाहीत आत्ता.

बाबा: रस्त्याकडे बघ तू.

लेक: बघतेय. बोला.

बाबा: काय बोलू? काटे दुरुस्तीला गेलो की गोदामवाले फाटकावर दोन-दोन तास ताटकळत ठेवायचे. तू मागे झोपलेली. एकदा खेळातल्या त्या शेवटच्या राक्षसानं तुला हरवलं आणि तू असं भोकाड पसरलंस! आई गेली तेव्हा रडली नव्हतीस, ती त्या राक्षसापायी रडलीस. मला काही सुचेना. राक्षसाशी लढायची आपली टाप नव्हती. मग खेळातल्या कुरणात घुशी मारत बसायचो आणि मिळालेल्या नाण्यांची जडीबुटी भरायचो. लागलंच कुठे, तर पोरीच्या हाताशी औषध असावं. एवढंच कळत होतं.

लेक: आणि नियम? ‘गाडी थांबली की खेळ थांबला, राहिलेलं परतीच्या वाटेवर.’ माझ्या हातातून ओढून घ्यायचात! स्वतः मात्र उभ्या गाडीत?

बाबा: नियम तुला होता. नाहीतर घरी पुस्तकाला हात लावला असतास?

लेक: शेजाऱ्यांकडे ठेवा म्हणत होते सगळे मला. तुम्ही दर सुट्टीत मागच्या सीटवर घालून नेलंत. बाबा, मला एकदाही एकटं वाटलं नाही. वाटायचं, त्या डबड्यातलं कोणीतरी मला जपतंय. तुम्ही होतात. फार बरं वाटलं आज. फार.

बाबा: रुमाल आहे का गं? एसीनं नाक गळतंय.

लेक: एसी बंद आहे.

(चार तासांनी. गाडीचा वेग कमी होतो.)

बाबा: थांबू नकोस, थांबू नकोस! राक्षसाच्या दारात उभा आहे मी. एक चक्कर मार पुढून.

लेक: हॉस्पिटल आलं, बाबा.

बाबा: दहा मिनिटं गं. एवढं राहून जायला नको.

लेक: नियम काय?

बाबा: मी तुझा बाप आहे.

लेक: नियम काय?

बाबा: गाडी थांबली की खेळ थांबला.

लेक: आणि राहिलेलं?

बाबा: परतीच्या वाटेवर.

लेक: द्या इकडे.

बाबा: सेव्ह तर करू दे. हं, झालं. कप्प्यात नीट ठेव, उन्हात नको.

लेक: ठेवलं. पट्टा काढा, उतरा सावकाश. मी धरते हात.

बाबा: ठमे, येताना गाडी हळू चालव हं. राक्षस मोठा आहे.