टोक उघडं

मृणाली : ही तिसरी पाल, बाबा. आधीच्या दोघींचंही असंच झालं.

यादव : असंच म्हणजे?

मृणाली : पाठीच्या कण्यात मज्जारज्जूभोवती पाणी असतं. सरपटणाऱ्या प्राण्यांत ते कुठून बाहेर पडतं, हे बघायचंय. मानेतून निळा रंग सोडते. मणक्यांमधून नसा निघतात ना, त्यांच्या कडेने तो दिसायला हवा. सगळा मागूनच गळतो.

भागाबाई : माझ्या पोळपाटाशेजारी मेलेली पाल.

मृणाली : आई, तूच डबीत जपून ठेवलीस.

भागाबाई : डबीत. पोळपाटाशेजारी नाही.

यादव : पीएचडीचे सर काय म्हणतात?

मृणाली : उद्या जळगावला एका तरी नसेपाशी रंग दाखव, नाहीतर विषय बदल. केळीवरच्या मावा किडीचा विषय देणारेत. दोन वर्षं मावा मोजायचा.

यादव : हिची शेपूट कुठे शे?

मृणाली : तुटलीय. आईचा झाडू पाहून टाकली असेल.

भागाबाई : झाडू मी भिंतीवर आपटते. जिवंत पालीला हातही लावत नाही.

यादव : आणि आधीच्या दोघींची?

मृणाली : त्यांनाही नव्हती.

यादव : सावद्याला केळीत पहिल्यांदा ठिबक बसवलं मी, तर एकाही ड्रिपरातून थेंब येईना. मळेवाले हिलालनाना म्हणे, माल खराब आणला तू. मी अख्ख्या ओळीचे ड्रिपर बदलले. मग चालत शेवटाला गेलो, तर तिथे हा चिखल. नळीचं टोक दुमडायचंच राहिलं होतं. बठ्ठं पाणी, थेंब न् थेंब, तिथून जात होतं.

मृणाली : बाबा, ही काय प्लॅस्टिकची नळी आहे का?

यादव : नसेल. पण टोक उघडं शे ना?

मृणाली : कण्यातली पोकळी शेपटीपर्यंत जाते. म्हणजे रंग तुटल्या जागेतूनच जातोय.

यादव : मग बांध की ते.

मृणाली : आई, शिलाई मशीनचा दोरा दे.

भागाबाई : सरक. तुझ्याच्याने गाठ बसणार नाही.

(भागाबाई तुटक्या टोकाला पांढरा दोरा आवळते. मृणाली मानेत रंगाची सुई लावून भिंगातून बघते.)

यादव : जोर नको लावू. सावकाश.

मृणाली : सावकाशच चाललंय.

यादव : मागून गळतंय?

मृणाली : नाही. बाबा…

यादव : काय?

मृणाली : डावीकडे निळं आलं. नसेच्या कडेने सरकतंय. आता उजवीकडे. त्याच्या पुढच्या मणक्यापाशीही.

यादव : बघू. अंतर सारखं शे गं. दर मणक्याला एक.

मृणाली : सरांना आत्ताच फोटो पाठवते.

भागाबाई : आधी मला बघू दे. गाठ माझी आहे.