मूठ म्हणजे थांब

...आणि वर सही करायची, तुम्हाला सांगतो, प्रशिक्षणाच्या हजेरीच्या कागदावर, 'संवादशास्त्र आणि चिन्हशास्त्र : परिचय', वेळ दहा ते चार, आणि ती सही आमच्या क्रेनवाल्यानंही करायची, ज्याच्या हातून चोवीस दिवसांपूर्वी माणूस गेलेला, आणि माणूस तरी कोण, तर त्याचाच साडू! दोघी बहिणी एकाच कारखान्यात दिलेल्या म्हणा ना. हा दोन नंबर शेडमध्ये, वर क्रेनच्या केबिनमध्ये; साडू एक नंबरमध्ये, खाली उभा राहून क्रेनवाल्याला हातानं खुणा करायला. अकरा वर्षं एकाच फाटकातून आत गेले, पण एका शेडमध्ये एक दिवस काम केलं नाही.

आता शेडमध्ये आवाज असा की शेजारच्याच्या कानात बोंब मारली तरी त्याला पत्ता नाही, त्यामुळे सगळा कारभार हातावर. बोट वर, उचल. तळवा खाली, हळू घे. आणि मूठ... इथंच सगळा घोळ. एक नंबरमध्ये मूठ आवळली म्हणजे थांब. दोन नंबरमध्ये मूठ म्हणजे 'पक्कं धरलंय, सोड खाली'. कोणी ठरवलं? कोणीच नाही. कधीतरी कुणीतरी तसा हात केला, समोरच्याला कळलं, चालू झालं. त्या दिवशी एक नंबरचा क्रेनवाला रजेवर, मुकादम याला म्हणाला, "जा रे, दोन तासांचं तर काम आहे." गेला. पाइपांची मोळी हवेत, खाली साडू, त्याला एक पाइप सरकताना दिसला, त्यानं मूठ आवळली, हात चांगला उंच धरला, म्हणजे वरून नीट दिसावी. यानं नीट पाहिली. आणि मोळी सोडली.

मग काय, साहेबांनी प्रशिक्षण ठेवलं. बाहेरून सर आले, सज्जन माणूस, इस्त्रीचा शर्ट, फळ्यावर दोन चौकोन, मध्ये बाण. "हा सांगणारा, हा ऐकणारा, मध्ये संदेश. पोचतंय का?" आम्ही चाळीसजण, "हो सर." "मध्ये अडथळा आला, तर त्याला म्हणायचं गोंगाट. गोंगाट म्हणजे खराखुरा आवाज नव्हे बरं का, मनात बसलेले ग्रह. पोचतंय का?" भिंतीपलीकडे प्रेस मशीन दणादण चालू, मागच्या फिटरनं माझ्या पाठीत बोट खुपसलं, "कुठला ग्रह म्हणाले, शनी?" पण हो सर त्यानंही म्हटलं. म्हणायला काय जातं? आमचा क्रेनवाला मात्र माझ्या शेजारी मांडीवर दोन्ही हात उघडे ठेवून बसलेला. बोटं मिटतच नव्हता. चहाचा कपसुद्धा त्यानं दोन तळव्यांत धरून प्यायला.

चहानंतर चिन्हं आली. सर म्हणाले, "चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचं नातं रक्ताचं नसतं, मानलेलं असतं. सगळ्यांनी मिळून मानलं, म्हणून ते चालतं. आता हीच बघा..." आणि त्यांनी मूठ आवळून वर धरली हो. "ही काय? राग? ताकद? जे मानू ते. पोचतंय का?"

सगळ्यांच्या माना क्रेनवाल्याकडे वळल्या. सर वेड्यासारखे बघतायत, हात तसाच वर. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं आपल्याला इथं कशासाठी बोलावलंय ते! संवादाच्या सरांना! शेवटी क्रेनवाला उठला, हळू आवाजात म्हणाला, "सर, सगळ्यांनी मिळून म्हणजे कोणी? आमच्याकडे ते मिळून मानायचं कोणाकडून राहिलं?" सरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून साहेब, "ते विषयाला धरून नाही. बसा." बसला. चौकशीचा अहवाल आधीच लागला होता भिंतीवर, कारण एका ओळीत : 'कर्मचाऱ्यांमधील संवादाचा अभाव'. म्हणजे एक मेलेला आणि एक जिता, दोघांनी आपसात बोलायला हवं होतं, पन्नास फुटांवरून. पोचतंय का?

चारला सुटलो तर हा मला म्हणाला, "ताईकडे जायचंय. चल." ताई म्हणजे त्याची मोठी मेहुणी, साडूची बायको. अंत्यविधीला हा शेवटच्या रांगेत उभा होता, त्यानंतर तिच्या घराकडे फिरकला नव्हता. घरी बायको रोज बहिणीकडून रडून यायची आणि याचं ताट वाढायची, पण विचारायची काही नाही, आणि हाही सांगायचा नाही.

दार उघडंच होतं. ताई पोरांच्या गणवेशांना इस्त्री करत होती. "बसा भावोजी." हा बसेना. उंबऱ्यातूनच म्हणाला, "ताई, त्यानं थांब म्हटलं होतं. मला सोड वाटलं."

तिनं इस्त्री खाली ठेवली नाही. "ठाऊक आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? चूक मशीनची असती, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी आला असता."

हा तिथंच खाली बसला आणि चोवीस दिवसांत पहिल्यांदा रडला. मी कुठं बघायचं? भिंतीकडे बघत राहिलो. तिनं दोन सदरे केले, तिसरा घेतला, मग म्हणाली, "माफ केलं, असं काही मी म्हणणार नाही. आज तरी नाही. पण येत जा. काका येत नाहीत याचा पोरं भलताच अर्थ लावतात. त्यांना वाटतं, बाबांनीच काहीतरी केलं."

तेव्हापासून जातो तो, दर आठवड्याला. तिथं काय बोलतात, मला माहीत नाही.

इकडे त्याच्याखाली खुणा करायला कुणी तयार होईना. मग मीच उभा राहिलो. पहिल्या दिवशी आम्ही दोघं आणि दोन्ही शेडमधली पाच-सहा माणसं अर्धा तास बसलो, एकेक खूण करून बघितली, हे म्हणजे हे, ते म्हणजे ते, सगळ्यांनी मान्य केलं आणि कामाला लागलो. दुपारी मेमो आला. तुम्हाला सांगतो, सगळ्यांच्या नावानं आला : 'कामाच्या वेळेत अनावश्यक संवाद केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

आज तिसरा दिवस. कागद घेऊन बसलोय, शब्द सुचेल तर शपथ.