उम्म अल कुवैनची दाढी

आपल्या सत्संगातल्या बाई म्हणतात ना, अहंकार सोडल्याशिवाय सेवा खरी नाही? त्यांना हे सांगा.

दर रविवारी मी इथे आखातात अल बर्शाहून उम्म अल कुवैनच्या लेबर कॅम्पवर, मजुरांच्या वस्तीत, भाकऱ्या नेते. मुलगा गाडी चालवतो. तिथला चिपळूणचा सुरेश एकदा म्हणाला, "आजी, भाकऱ्या आम्हीही थापतो. तुम्ही नुसत्या या."

मी भडकलेच. "नुसती कशाला येऊ? तुझं तोंड बघायला? आधी ती दाढी कर मेल्या, भूत दिसतोस!"

तो हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरले. "आई गेल्यापासून असं कोणी रागावलंच नाही हो. अजून बोला ना."

मग काय, मी मनसोक्त झापलं त्याला.

घरी मी तोंड उघडलं की नात म्हणते, "आजी, रिलॅक्स," आणि कानात हेडफोन घालते. अहंकार सोडायचा तर मला हा रविवारच सोडावा लागेल, आणि तो मी सोडणार नाही. सकाळी मीच मुलाला उठवते, "यल्ला, चल, गाडी काढ!"

तिकडे सुरेश मुद्दाम दाढी वाढवून बसलेला असतो.